लंगडी घालून गेम संपवणे

लंगडी आपण सगळ्यांनीच खेळली आहे. पकडणाऱ्याला दोन धडधाकट पाय असतात, तरी तो एक पाय मागे दुमडून, उड्या मारत, दोन पायांवर पळणाऱ्यांच्या मागे लागतो. कबड्डीत चढाई करणारा गडी समोरच्यांच्या हद्दीत असेपर्यंत दम सोडत नाही. गॅदरिंगला लिंबू-चमचा असतो, तिथे लिंबू सरळ हातात धरून पळणं किती सोपं! पण मग त्याला शर्यत कोण म्हणणार?

मित्रांनो, विषय व्हिडिओ गेमचा आहे, लंगडीचा नाही. पण लंगडीशिवाय तो समजावून सांगता येत नाही. गेम बनवणाऱ्याने दिलेल्या नियमांवर आणखी एक-दोन नियम आपले आपणच लादायचे आणि मग तो गेम शेवटपर्यंत न्यायचा, याला गेमर मंडळी चॅलेंज रन म्हणतात. बंदूक हातात आहे पण चालवायची नाही. गाडी बदलता येते पण बदलायची नाही. उडी मारण्याचं बटन आहे, ते दाबायचंच नाही. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. आमच्या विंगमध्येसुद्धा पहिली प्रतिक्रिया "अरे पण का?" हीच असते.

या "का"वर बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी १९७८ साली 'द ग्रासहॉपर' नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कुठलाही खेळ म्हणजे सोपा रस्ता समोर असताना मुद्दाम अवघड रस्ता धरणं, आणि तोही त्या अवघडपणासाठीच. गोल्फमध्ये चेंडू भोकात टाकायचाच असेल तर हातात घेऊन चालत जावं आणि टाकावा. काठीने लांबून मारायचा हा अडथळा काढून टाकला की खेळच उरत नाही. म्हणजे चॅलेंज रनवाला काही जगावेगळं करत नाही. जो उद्योग गेम बनवणाऱ्याने सुरू केला, तोच तो एक पायरी पुढे नेतो.

आणि हे खूळ परदेशातून आलंय असं कुणी म्हणू नये. बारामतीचे मोरोपंत (१७२९ ते १७९४) आठवा. त्यांनी १०८ रामायणं रचली असं आपण मराठीच्या पुस्तकात शिकलो. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ओठ न टेकवता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं बाद. आता जरा 'राम' म्हणून बघा. म म्हणताना ओठ मिटतात! म्हणजे रामाची गोष्ट सांगायची आणि रामाचं नाव घ्यायचं नाही. यापेक्षा कडक चॅलेंज रन माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता आमची पात्रता. मी हार्डकोअर गेमर नाही. चार जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आणि सबमिशन नसेल त्या आठवड्यात चारेक तास, एवढंच भांडवल. नवीन गेम त्यावर चालत नाही आणि चालला तर पंखा असा ओरडतो की शेजारच्या रूमवाले दार वाजवतात. म्हणून जुने गेम, आणि जुने गेम आधीच संपवलेले, म्हणून चॅलेंज. गरज ही शोधाची जननी वगैरे.

पण अजून एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोबाईलवरचे बरेचसे गेम संपण्यासाठी बनवलेलेच नसतात. रोज हजेरी लावा, रोज बक्षीस घ्या. एक दिवस चुकला की साखळी तुटली. कॉलेजच्या हजेरीपेक्षा त्या हजेरीची काळजी जास्त घेणारे महाभाग प्रत्येक मजल्यावर दोन तरी सापडतील. सीझन संपतो, लगेच दुसरा सुरू होतो. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाईलवर भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने तो परत आला. मधल्या दहा महिन्यांत खेळणारे दुसऱ्या तशाच गेमवर गेले, थांबले असं काही नाही. चॅलेंज रनचं तसं नसतं. आपण ठरवलेलं असतं की इथे संपणार, आणि तिथे तो संपतो. पीएल सुरू व्हायच्या आत संपवता येईल असा गेम आणि असा नियम निवडणं हे आपल्या हातात असतं. हॉस्टेलवर राहणाऱ्याला हा फरक लहान नाही.

माझा सर्वात लाडका म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. नवा नाही, १९८९ चा. जॉर्डन मेकनर या एकट्या माणसाने ॲपल टू या कॉम्प्युटरवर तो लिहिला. राजपुत्राचं धावणं, लोंबकळणं, धडपडणं इतकं खरं का वाटतं? कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक फ्रेम बघून आकृती काढल्या. (त्याच्या सोर्स कोडच्या फ्लॉपी हरवल्या होत्या. त्या २०१२ साली त्याच्या वडिलांना घरात सापडल्या आणि तो कोड आता कुणालाही वाचता येतो. असेंब्ली शिकणाऱ्यांनी जरूर वाचावा.)

या गेममध्ये घड्याळाची अट मुळातच आहे : साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. सुरुवातीला तीन जीव, म्हणजे खाली कोपऱ्यात तीन लाल त्रिकोण. वाटेत मोठ्या बाटल्या सापडतात, त्या प्यायल्या की एक त्रिकोण वाढतो. तर आमचं चॅलेंज साधं आहे, मोठी बाटली प्यायची नाही. शेवटपर्यंत तीनच त्रिकोण. छोटी लाल बाटली, जी गेलेला जीव भरून देते, ती चालेल.

एवढ्या एका अटीने काय बदलतं बघा. दोन मजले खाली पडलात तर एक जीव जातो. दहा असताना तो दशांश असतो, तीन असताना तेहेतीस टक्के! आधी "जाऊ दे, पडलो तर पडलो" म्हणून ज्या जागेवरून उडी टाकायचो, तिथे आता कडेला लोंबकळून, खाली बघून, मगच हात सोडतो. शिपायाशी तलवार खेळताना पूर्वी मी नुसतं वार करायचो. आता आधी वार अडवायला शिकलो. गेम तोच, भिंती त्याच, शिपाई तेच. पण नकाशाचा अर्थ बदलला. पाचव्या लेव्हलला तर गंमतच आहे. चौथ्या लेव्हलच्या आरशातून बाहेर पडलेली आपलीच सावली तिथे आपल्या आधी जाऊन मोठी बाटली पिऊन टाकते. पूर्वी त्या सावलीला शिव्या घालायचो. आता म्हणतो, पी बाबा, मला नकोच होती.

आणि बाराव्या लेव्हलला त्याच सावलीशी गाठ पडते, तेव्हा तिला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तिथे तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत जायचं असतं. ज्याने पहिल्यांदा हे स्वतःहून ओळखलं असेल त्याला मानलं पाहिजे.

डूम (१९९३) वाल्यांनी तर अशा नियमांचं शास्त्रच केलं. डूमच्या कर्त्यांपैकी एक जॉन रोमेरो, म्हणजे ज्याचा 'डेंजरस डेव्ह' आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बाईंची पाठ वळली की खेळला, तोच. डूममध्ये आपण काय केलं याची नोंद अगदी छोट्या फाइलमध्ये साठवता येते आणि दुसरा कुणीही ती आपल्या मशीनवर चालवून तपासू शकतो. त्यामुळे दाव्यांना पुरावा आला आणि पुरावा आल्यावर प्रकार पडले. 'टायसन' प्रकारात फक्त मूठ, पिस्तूल आणि करवत. बॉक्सर माईक टायसनवरून नाव. 'पॅसिफिस्ट' प्रकारात कुठल्याही राक्षसाला आपण इजा करायची नाही. राक्षस आपापसात भांडून मेले तर चालतं! मग खेळाडू काय करतो, तर दोन राक्षसांच्या बरोबर मध्ये उभा राहतो, एकाचा गोळा चुकवतो, तो दुसऱ्याला लागतो आणि पुढचं ते बघून घेतात. हॉस्टेल कमिटीच्या मीटिंगमध्ये हे तंत्र वापरणारे काही सिनिअर मी पाहिले आहेत, असो.

हलक्याफुलक्या यादीत आणखी दोन. नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड (२००५) मध्ये सुरुवातीला घेतलेली पहिली साधी गाडीच शेवटपर्यंत चालवायची. पार्ट बदलायला परवानगी, गाडी बदलायला नाही. आणि व्हाइस सिटी, सगळे सिग्नल पाळून! लाल दिवा लागला की थांबायचं. हे चॅलेंज पाच मिनिटं ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात मागून येणारी टॅक्सी ठोकते, पुढे पोलीस ज्याच्या मागे लागलेत तो आपल्याच बॉनेटवर चढतो आणि वेळेचं बंधन असलेलं मिशन हातचं जातं. दोन संध्याकाळी टिकलं, मग कंटाळा आला. सगळेच नियम चांगले नसतात. ज्या नियमाने नुसती वाट बघावी लागते पण नवीन विचार करावा लागत नाही, तो माझ्या मते टाकाऊ.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. हा भाग विशेषतः एसई-टीईच्या मंडळींनी लक्ष देऊन वाचावा, कारण यातलं अर्धं सिलॅबसमध्ये आहे.

सुपर मारिओ ६४ (१९९६) हा निन्टेन्डो ६४ वरचा गेम. यात एकूण १२० स्टार आहेत आणि साध्या मार्गाने शेवट गाठायला ७० लागतात. कंट्रोलरवरचं ए बटन म्हणजे उडी. मारिओ म्हणजे उडी, हे तर शेंबडं पोरही सांगेल. तर 'ए बटन चॅलेंज' असं, की हे बटन कमीत कमी वेळा दाबून गेम संपवायचा. जगभरातले काही लोक वर्षानुवर्षं यावर काम करताहेत. (काम हाच शब्द बरोबर आहे.) बरेचसे प्रयत्न एम्युलेटरवर एकेक फ्रेम पुढे सरकवत केलेले असतात. हा हाताच्या चपळाईचा प्रकार नाही, अभ्यासाचा आहे.

पॅनेनकोक२०१२ या टोपणनावाच्या खेळाडूने जानेवारी २०१६ मध्ये एका स्टारचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. स्टारचं नाव 'वॉच फॉर रोलिंग रॉक्स', आणि बटन किती वेळा दाबलं? तर अर्धा वेळा! अर्धा म्हणजे काय, यावर बरीच थट्टा झाली. पण विचार करा. बटनाचे तीन भाग असतात : खाली जाणं, दाबलेलं राहणं, सुटणं. काही क्रियांना बटन नव्याने दाबावं लागतं, काहींना ते नुसतं दाबलेलं असलं तरी पुरतं. मग लेव्हलमध्ये शिरण्याआधीच दाबलेलं बटन तसंच धरून आत आलं, तर आतला खर्च शून्य. त्या एका स्टारचा सुटा हिशेब केला तर एक धरावा लागतो, पूर्ण गेमच्या हिशेबात वाढीव काही नाही. म्हणून अर्धा. डिजिटलच्या लॅबमध्ये आपण लेव्हल ट्रिगर आणि एज ट्रिगर शिकतो ना, तेच हे. व्हायवाला कुणी फरक विचारला तर मारिओ आठवावा.

पुढचा भाग समांतर विश्वांचा. घाबरू नका, अध्यात्म नाही. मारिओ कुठे आहे हे गेम फ्लोटमध्ये साठवतो. पण त्याच्या पायाखाली जमीन आहे का हे तपासताना तोच आकडा १६ बिटच्या इंटिजरमध्ये बदलतो. १६ बिट साइन्ड म्हणजे वजा ३२,७६८ ते ३२,७६७. त्यापलीकडचा आकडा गुंडाळून परत सुरुवातीला येतो. परिणाम असा, की मारिओ खऱ्या नकाशापासून बरोबर ६५,५३६ एकक दूर गेला, तर डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, पण गेम म्हणतो जमीन आहे! दर ६५,५३६ वर त्याच नकाशाची एक अदृश्य प्रत. हीच ती समांतर विश्वं.

तिथे पोचायला प्रचंड वेग लागतो. गेम दर फ्रेमची हालचाल चार तुकड्यांत करतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी जमीन तपासतो. म्हणजे एका तुकड्यात एक विश्व ओलांडायचं तर एका फ्रेमचा वेग ६५,५३६ गुणिले ४, म्हणजे २,६२,१४४ हवा. त्या स्टारसाठी मारिओला एका जागी अडकवून वेग साठवत ठेवावा लागतो, आणि त्याला लागतात बारा तास. बारा तास मारिओ जागच्या जागी! एका उडीची अर्धी बचत व्हावी म्हणून.

मला हे सगळं पहिल्यांदा समजलं तेव्हा हसू आलं आणि मग जरा गप्प व्हायला झालं. टाइपकास्ट ही गोष्ट आपण सी च्या पेपरला दोन मार्कांसाठी पाठ करतो. या लोकांनी ती कुणी न शिकवता, कुठला पेपर नसताना, एका खेळण्याच्या पोटातून शोधून काढली. कारण त्यांना उडी मारायची नव्हती.

याहून भारी एक आहे. याच गेममध्ये 'बाउझर इन द फायर सी' ही लेव्हल आहे, लाव्हावर तरंगत वरखाली होणारे काही प्लॅटफॉर्म असलेली. ए बटन न दाबता तिथून वर जाणं अशक्य मानलं जायचं. मग २०१७ मध्ये लक्षात आलं, की निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर जी आवृत्ती चालते तिच्यात आकडे राउंड करण्याची पद्धत वेगळी आहे. मूळ मशीन जवळच्या आकड्याकडे राउंड करतं, वी शून्याकडे कापतं. प्लॅटफॉर्मची उंची ऋण आहे, त्यामुळे शून्याकडे म्हणजे वर. प्रत्येक फेरीत कणभर, डोळ्यांना दिसणार नाही इतकं वर. गेम चालू ठेवून सुमारे तीन दिवस थांबलं, की प्लॅटफॉर्म पुरेसे वर आलेले असतात आणि मारिओ चालत जातो.

न्यूमरिकल मेथड्सच्या पहिल्या युनिटमध्ये ट्रंकेशन आणि राउंडिंग एरर असतो, जो आपण "सोपं आहे" म्हणून सोडून देतो. त्याचं दुसरं उदाहरण खेळातलं नाही. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथल्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजत होतं आणि ०.१ हा आकडा बायनरीत कधीच पुरा बसत नाही. २४ बिटवर कापलेला होता. यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू होती. कणाकणाने साठत चूक ०.३४ सेकंद झाली. येणारं स्कड क्षेपणास्त्र तिने चुकीच्या जागी शोधलं आणि २८ सैनिक मेले. प्लॅटफॉर्म वर येणं आणि हे, गणित एकच आहे.

पुन्हा खेळाकडे. पोकेमॉनमध्ये एक चॅलेंज आहे, नझलॉक. निक फ्रँको नावाच्या मुलाने २०१० मध्ये पोकेमॉन रूबी खेळताना स्वतःला दोन नियम घातले आणि त्यावर कॉमिक काढली. पहिला नियम, प्रत्येक नव्या भागात जो पोकेमॉन सर्वांत आधी भेटेल तोच पकडायचा, निवड नाही. दुसरा, लढाईत बेशुद्ध पडला की तो मेला असं समजायचं, परत वापरायचा नाही. मूळ गेममध्ये पोकेमॉन मरतच नाहीत. दवाखान्यात नेले की ठणठणीत. पुढे खेळणाऱ्यांनी तिसरा नियम घातला, प्रत्येकाला नाव द्यायचं.

हा तिसरा नियम वाटतो पोरकट, पण खरी मेख तिथेच आहे. आमच्या रूममध्ये एका पार्टनरच्या थोरल्या भावाचा जुना गेमबॉय ॲडव्हान्स होता आणि त्यात रूबी. चौघांत एक गेमबॉय, रात्री मेसनंतर अर्धा तास. नावं चौघांच्या मतदानाने. मडकिपचं नाव वडापाव. उगाच इकडून तिकडून वस्तू उचलून आणणाऱ्या झिगझॅगूनचं नाव केटी, कारण ती कितीही नको म्हटलं तरी गळ्यात पडते. दगडासारख्या, काही केल्या न हलणाऱ्या जिओड्यूडचं नाव रेक्टर (सरांची माफी मागून). आणि टेलो हा छोटासा पक्षी, त्याचं नाव पोहे. निवड आपली नव्हतीच, जे वाट्याला आले ते हे. हॉस्टेलचे रूम पार्टनर मिळतात तसेच.

पाचव्या जिमचा प्रमुख नॉर्मन. हा गोष्टीतल्या हिरोचा बापच. त्याच्याकडे स्लेकिंग नावाचा आळशी पण भयंकर ताकदीचा प्राणी आहे. एक पाळी हल्ला करतो, एक पाळी लोळतो. नझलॉक खेळणाऱ्यांचे मुडदे इथे पडतात हे ऐकून होतो. पोहे तोवर मोठा होऊन स्वेलो झाला होता, सगळ्यांत वेगवान, सगळ्यांचा लाडका. स्लेकिंगच्या लोळायच्या पाळीचा हिशेब बरोबर चालला होता आणि शेवटच्या एका वाराला तो वाचेल असं वाटत होतं. नाही वाचला.

रूममध्ये कुणी बोललं नाही. मग सिव्हिलचा पार्टनर म्हणाला, "बंद कर. सेव्ह कुठे केलाय आपण?" खरं होतं. शेवटचं सेव्ह जिमच्या दाराबाहेर होतं. गेमबॉयचं बटन सरकवलं असतं की पोहे जिवंत. कुणाला कळणार होतं? ना मार्क, ना बक्षीस, ना कुणी तपासायला येणार. ज्याचा गेमबॉय होता तो म्हणाला, "आपल्या चौघांना कळलंय की." त्यावर थोडा वाद झाला. सिव्हिलवाल्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता : नियम आपणच केलेत, मग आपणच बदलू शकतो. गेमबॉयवाल्याचं उत्तर, बदल, पण पुढच्या गेमपासून. पोहे मेल्यावर नाही. लढाई मग रेक्टरने संपवली (दगडावर नॉर्मल जातीच्या हल्ल्याचा परिणाम निम्माच होतो). गेममधल्या साठवणीच्या एका खोक्याचं नाव बदलून आम्ही स्मशान ठेवलं आणि पोह्याला तिथे नेऊन ठेवलं. टीईला असलेले चार बाप्ये लहान मुलांच्या गेमपायी त्या रात्री न बोलता झोपले, हे लिहायला मला अजिबात लाज वाटत नाही.

ज्यांना वाटतं की कुणी बघत नसताना केलेल्या दाव्याला काही किंमत नाही, त्यांच्यासाठी ड्रॅगस्टरची गोष्ट. हा १९८० चा अटारी २६०० वरचा गेम. त्या मशीनची रॅम १२८ बाइट, म्हणजे आपल्या लॅबमधल्या ८०५१ एवढीच! त्यात एका खेळाडूच्या नावावर १९८२ सालापासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. तीस-पस्तीस वर्षं कुणाला मोडता आला नाही. मग एकाने गेमचा कोडच उलगडून सगळ्या शक्यता तपासल्या आणि त्याचं उत्तर आलं, की ५.५७ च्या खाली जाणं शक्यच नाही. जानेवारी २०१८ मध्ये तो विक्रम यादीतून काढला गेला. सहा शतांश सेकंद!

आता तुम्हाला करून बघायचं असेल तर. गेम असा घ्या जो तुम्ही एकदा सरळ मार्गाने संपवला आहे. नाहीतर अट कुठे अडवते आणि गेम कुठे अडवतो, हे वेगळं कळत नाही. नियम लिहून काढा, जर्नलच्या मागच्या पानावर का होईना, आणि सुरू करण्याआधी. 'बंदूक वापरायची नाही' एवढं पुरत नाही. सापडलेली बंदूक उचलली तर? गोष्टीने जबरदस्तीने हातात दिली तर? आमच्या तीन जिवांच्या प्रिन्सलाही सातव्या लेव्हलच्या हलकं करणाऱ्या बाटलीने अडवलं होतं. ती जीव वाढवत नाही पण मदत तर करते. आम्ही चालेल असं ठरवलं, कारण नियमात मोठी बाटली असं लिहिलेलं होतं. आणि वेळेचा अंदाज आधी घ्या. तीन दिवस मशीन चालू ठेवण्याची चॅलेंजं वाचायला छान, हॉस्टेलच्या लाइटच्या भरवशावर करायला नाही.

सध्या विंगमध्ये जे चाललंय ते एज ऑफ एम्पायर्स टू (१९९९). गेली पंचवीस वर्षं हॉस्टेलांमधून कधी न हललेला हा गेम, नव्या रूपात २०१९ मध्ये परत आला, पण आमच्या मशीनवर जुनाच धावतो. चॅलेंज : एकही सैनिक तयार करायचा नाही, फक्त भिक्षू. भिक्षू मंत्र म्हणतो आणि शत्रूचा माणूस आपल्या बाजूला येतो. ऐकायला अशक्य वाटतं, पण हिशेब जुळतो. किल्ल्याच्या युगात जायला सरंजामी युगातल्या दोन इमारती लागतात. लोहारशाळा आणि बाजार बांधला की झालं, सैनिकांची गरज नाही. तोवर शत्रू आला तर गावकरी टाऊन सेंटरमध्ये लपवायचे. मग मठ, आणि मठातून भिक्षू, दर डोई शंभर सोनं. पवित्र अवशेष गोळा करून मठात ठेवले की सोनं झिरपत राहतं. एकदा धर्मांतर केलं की भिक्षूला दम घ्यावा लागतो, म्हणून पाच-सहा जणांच्या पाळ्या लावायच्या.

खरी अडचण शेवटी येते. टाऊन सेंटर आणि किल्ला मंत्राने वळत नाहीत आणि ते पाडल्याशिवाय विजय नाही. यावर आमच्या मेकॅनिकलच्या ज्युनिअरने तोड काढली. मठात एक संशोधन करता येतं, त्यानंतर भिक्षू शत्रूची यंत्रंही वळवू शकतात. मग शत्रूने आपल्या भिंती पाडायला पाठवलेला ओंडक्याचा गाडा वाटेतच फितूर करायचा आणि त्याच्याच टाऊन सेंटरवर परत धाडायचा. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरच्या दोन राजांना आम्ही असं हरवलं.

तक्रार एवढीच उरली आहे, की ज्युनिअरने शत्रूचे दोन गावकरीही वळवले आणि त्यांच्याकडून सैनिकांची बराक बांधून घेतली. बराकीतून त्याने एकही सैनिक काढला नाही, नुसती वाट अडवायला भिंत म्हणून वापरली. नियमात 'सैनिक तयार करायचा नाही' एवढंच लिहिलंय, बराकीबद्दल काही नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणतात रन बाद. मेकॅनिकलवाले म्हणतात बराक ही इमारत आहे, सैनिक नाही. रूम नंबर १४ मध्ये शनिवारी जेवणानंतर सुनावणी ठेवली आहे. नियमाचा कागद बघायला ज्यांना यायचं त्यांनी यावं, चहाचे पैसे ज्याचे त्याने.